डाव्या अंगानं जळणारी बाटली

माझी शाळा चौथीपर्यंत. त्यातलंही अर्धं वर्ष म्हशीमागं गेलं. सही सोडून लिहायची वेळ आयुष्यात फारशी आली नाही. आता जीभ अर्धी गेली, म्हणून लिहायला बसलो. मी बोललेलं घरच्या बाईशिवाय कुणाला उमगत नाही, आणि ती मधी बसून माझ्या वतीनं जे सांगते ते मी बोललेलं असतंच असं नाही. ते कसं ते सांगतो.

आमचं गाव निलंग्याच्या खालच्या अंगाला, कर्नाटकची हद्द हाकेवर. मुलगा एकच. त्यानं मास्तर व्हावं असा माझा हट्ट होता. त्यानं लातूरला हॉटेलाचं शिक्षण घेतलं आणि परदेशी लोक सहलीला जातात त्या मोठ्या जहाजावर नोकरी धरली. काम काय, तर बारमध्ये उभं राहून दारू वाढायची. गावात कळायला वेळ लागला नाही. पारावर एकानं मला मुद्दाम मोठ्यानं विचारलं,

"काय वो आण्णा, पोरगं सायबाला दारू पाजून राहिलंय म्हणं."

"हाव," मी म्हणालो. "तुझं पितंय, माझं पाजतंय. पगार माझ्या पोराला हाय."

तिथं उत्तर दिलं, पण घरी आल्यावर जेवण गेलं नाही. घरचीनं ताट उचललं.

मी काही माळकरी नव्हतो. मुखेडकडं माझं आजोळ, तिथं ओढ्याच्या काठानं शिंदीची झाडं. पोरवयात मामाबरोबर पहाटे जायचो. उतरवल्या उतरवल्या शिंदी गोड लागायची, दुपारी आंबट, आणि दिवस कलला की डोक्यात जायची. एकच मडकं, पण दिवसभरात तीन तऱ्हेचं. त्या वयातच मला कळलं होतं की पिण्याची वस्तू जिवंत असती, ती बसल्या जागी बदलत राहती. पुढं हातभट्टी पाहिली, काळ्या गुळाची, नवसागर घातलेली. मग देशी आली. ती नाक दाबून, डोळे मिटून, उभ्या उभ्या घ्यायची. चव घ्यायला कुणी देशी पीत नाही. मी आठवड्याच्या बाजारादिवशी तेवढी घ्यायचो, आणि कधी कुणाच्या आधारानं घरी आलो नाही.

तंबाखू मात्र होती. दिवसभर, डाव्या गालात.

पहिल्या रजेला मुलगा आला तेव्हा त्यानं एक बाटली आणली. मला नाही दिली, आईला दिली. आमच्या घरात बापासमोर लेकानं सुपारी फोडायची नाही अशी रीत. माझे वडील ओसरीवर आले की मी तंबाखू थुंकून गोठ्यात निघून जायचो. ते वारेपर्यंत मी त्यांच्याशी नजर देऊन चार वाक्यं बोललो असेन तर आठवत नाही. माझा मुलगाही तसाच. जहाजावर साऱ्या जगाशी इंग्रजीत बोलायचा, घरी आला की आत चुलीपाशी बसायचा. मी ओसरीवर. मधल्या दाराच्या उंबऱ्यावर त्याची आई. काय विचारायचं, सांगायचं ते तिच्यामार्फत. आवाज एकमेकांना ऐकू यायचे, तरीही तिच्यामार्फतच.

"माय, आण्णाला सांग, त्या बाटलीत पाणी घालू नगा. आन एका दमात घेऊ नगा."

"ऐकलं का वो, पाणी घालू नगा म्हणतो. हळू घ्या म्हणतो."

"त्याला म्हणावं, मला शिकवू नको."

"शिकवू नको म्हणत्यात रे."

ती बाटली फ्रान्सची, लाल वाईन. मी फुलपात्र भरून देशीसारखी एका घोटात ओढली. काहीच झालं नाही. जळजळ नाही, चटका नाही. वाटलं, पोराला तिकडच्या दुकानदारानं फसवलं. दुसरं फुलपात्र त्याला कळू नये असं, हळू घेतलं. तोंडात धरलं. आधी कच्च्या जांभळासारखं तुरट झालं, जीभ टाळूला चिकटली. मग मागून नव्या घागरीत पाणी भरल्यावर येतो तो वास आला. मग बराच वेळ काहीतरी राहिलं, त्याला मला नाव सापडलं नाही. मी ओसरीवर तसाच बसलो.

"कशी हाय इचारतोय," घरची म्हणाली.

"सांग, जांभळं जरा कच्ची तोडली."

आतून मुलगा हसला. लहानपणानंतर त्याचं हसणं मी पहिल्यांदा ऐकलं.

त्यानंतर दर रजेला एक बाटली यायची. भिंतीतल्या देवळीत, बियाण्याच्या डब्यामागं ती उभी असायची. ग्रीस देशाची एक होती, पाण्यासारखी निव्वळ. त्यात पाणी घाला असा आतून निरोप आला. पाणी घातलं आणि ती निरशा दुधासारखी पांढरी झाली. घरची दोन पावलं मागं सरली. "नासली की वो," म्हणाली. वास बडीशेपेचा, आणि पोटात गेल्यावर ऊन पडल्यासारखं. जपानची तांदळाची होती, ती कोमट करून प्यायची. घरचीनं दुधाचं पातेलं द्यायला नकार दिला. मुलानं आतून समजूत घातली, "माय, तांदळाचंच पाणी हाय, पेज समज." "पेज पिऊन कोण डुलतं का?" असं म्हणत तिनं जुनं ॲल्युमिनिअमचं पातेलं दिलं. पोर्तुगालची एक गोड होती. त्यात घरचीनं बोट बुडवून चाटलं आणि म्हणाली, काकवीत मनुका भिजवल्यात. तिच्या तोंडून तेवढाच एक चांगला शब्द दारूला मिळाला.

मेक्सिकोच्या बाटलीत तळाला एक अळी होती. मी बाटली उन्हात धरून बघितली.

"त्याला विचार, ही तुरीवरली अळी तिकडं कशी गेली."

"आण्णाला म्हण, ती मुद्दाम टाकलेली असती."

"म्हणावं, हिकडं आम्ही फवारे मारून मरून राहिलो, आन तिकडं बाटलीत पाळत्यात."

घरची मधी बसून हसू दाबायची आणि दोन्हीकडचं जसंच्या तसं पोचवायची. जसंच्या तसं पोचतंय असं मी धरून चाललो होतो.

येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, आमच्या भागात सारं गाव शेतात असतं. कडब्याची कोप करायची, पाच दगड चुन्यानं रंगवून पांडव मांडायचे, भज्जी, उंडे, खीर, आणि मडक्यात आंबील. घरचीची आंबील ज्वारीच्या पिठाची, ताकातली, आदल्या दिवशी लावलेली. मी शिंदीपासून फ्रान्सपर्यंत सगळं चाखलं, पण त्या मडक्यातला पहिला पेला घेतला की वाटायचं, साऱ्यांचं मूळ हेच. पीठ, पाणी, आणि थांबायची तयारी. हे मी मुलाला सांगायला पाहिजे होतं. उंबऱ्यावरून एवढं लांबलचक सांगता येत नाही.

मग ती बाटली आली. स्कॉटलंडकडच्या कुठल्याशा बेटावरची व्हिस्की. मुलगा ती ठेवून जहाजावर निघून गेला, मी नंतर उघडली. बूच काढलं तर धूर. येळवशीच्या संध्याकाळी कडब्याची पेंढी पेटवून पिकाभोवती फिरवतो, तेव्हा कपड्यांना लागतो तसा धूर, आणि त्याच्यामागं दवाखान्यातल्या फरशीचा वास. मी घोट घेतला. उजवीकडं छान वाटलं. डावीकडं जिभेच्या कडेला कुणी पेटती काडी टेकवली असं झालं.

दुसऱ्या दिवशी घेतली, तसंच. तिसऱ्या दिवशी तसंच. तिथं एक मोडकी दाढ होती, तिच्या शेजारी जीभ थोडी सोललेली होती. दाढ लागत असेल म्हणून मी कधी लक्ष दिलं नव्हतं. आधीच्या कुठल्या बाटलीनं असं केलं नव्हतं. मी ठरवलं, बाटली खराब. दारू दोन बाजूंनी दोन तऱ्हेची लागते हे ऐकलंय का कुणी?

मुलाचा फोन आला की घरची गच्चीवर जायची, रेंज तिथंच. माझे गुडघे गेलेले, जिना मला जमायचा नाही. मी खालून ओरडलो,

"त्याला सांग, ही बाटली डाव्या अंगानं जळती. खराब निघाली म्हणावं."

ती वरून खाली आली. मी विचारलं, "सांगितलं का?"

"सांगितलं."

"काय म्हणाला?"

"बरं म्हणाला."

दोनेक महिन्यांनी लातूरकडचा एक पोरगा, त्याच जहाजावरचा, रजेवर आला आणि एक पिशवी देऊन गेला. पिशवीत तीच बाटली. तेच बेट, तोच धूर. मी ती हातात घेऊन ओसरीवर बसलो आणि मनात म्हणालो, असं हाय का. बापानं खराब म्हणून सांगितली, तर लेक तीच पुन्हा पाठवतो. मला चव कळत नाही असं त्याला दाखवायचंय. बापाची जिद्द लेकात उतरली म्हणून मला थोडं बरंही वाटलं. मग मीही हटलो नाही. उजव्या बाजूला धरून, मान कलती करून, ती बाटली मी पीत गेलो. डोळ्यांत पाणी यायचं. पुढं पुढं ठेच्यानं तसंच व्हायला लागलं. मग लोणच्यानं. मग चहानंसुद्धा. भाकरी दुधात कुस्करून खायला लागलो. घरचीला म्हणालो, दात गेले. ती माझ्याकडं बघायची आणि वाटीत आणखी दूध ओतायची.

मुलगा रजेवर आला. जेवताना मी ओसरीवर, तो आत. मधल्या दारातून त्यानं मला खाताना बघितलं.

"माय, आण्णा एका अंगानं का खातेत?"

"दात गेलेत म्हणत्यात."

"आन ते तोंड असं का करतेत?"

तिनं त्याच्या ताटात भाकरी वाढली. मीच मोठ्यानं म्हणालो, "त्याला म्हणावं, तुझ्या बाटलीनं केलंय. सांगितलं होतं, डाव्या अंगानं जळती म्हणून. तर त्यानं दुसरी पाठवली."

आत ताट सरकल्याचा आवाज झाला. मग मुलाचा आवाज आला, हलका.

"माय, तू तर म्हणालीस, आण्णाला लई आवडली."

मी ताटावरून मान वर केली. ती उंबऱ्यावर बसली होती, पदर तोंडाला लावून. नंतर तिनं मला सांगितलं. पोरगं सात समुद्राच्या पलीकडून बापासाठी वस्तू आणतं, आणि बाप खोट काढतो. बिचारं रात्रंदिवस तिथं उभं असतं, त्याला हे कशाला सांगायचं. म्हणून आवडली म्हणाली. तो खूश झाला. म्हणाला, आण्णासाठी आणखी एक पाठवतो.

तो उठला आणि उंबरा ओलांडून ओसरीवर आला. माझ्यासमोर येऊन उभा राहिला, पण बोलला आईशीच.

"माय, आण्णाला म्हण, तोंड उघडा."

तिनं त्याच्या मोबाईलची बॅटरी धरली. उजेड माझ्या मिशीवर, कपाळावर नाचत होता. त्यानं तिच्या हातातून मोबाईल काढून घेतला, खाली वाकला, बघितलं. बारमध्ये तो रोज माणसांची तोंडं बघत असेल. माझं तोंड त्यानं तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

"उद्या लातूरला जायचं," म्हणाला. कुणाला म्हणाला ते कळलं नाही.

लातूरच्या डॉक्टरनं कडेचा तुकडा काढून तपासायला पाठवला. आठवड्यानं बोलावलं आणि सांगितलं, जिभेचा बराच भाग काढावा लागेल. आणखी म्हणाला, सुरुवातीलाच यायला पाहिजे होतं, तेव्हा दोन-चार टाक्यांवर भागलं असतं. हे तो सहज बोलला, रोजचंच त्याला. घरची अशी आखडून बसली की खुर्ची एकदम मोठी वाटायला लागली. बाहेर व्हरांड्यात ती म्हणाली, "मी सांगितलं असतं तर..."

"गप," मी म्हणालो. तिला दोष द्यायचा तर मला ओसरीवरून उठून स्वतः जिना चढायला काय झालं होतं, हे तिनं विचारलं नाही, म्हणून मीही तिला दोष दिला नाही. तंबाखूचं तर कुणी नावच काढलं नाही. डॉक्टरनं तेवढं काढलं.

भरती व्हायच्या आदल्या दिवशी मी देवळीतल्या सगळ्या बाटल्या ओसरीवर काढल्या. तळाशी राहिलेल्या. काहींत घोटभर, काहींत दोन. घरची म्हणाली, डॉक्टरनं नको म्हटलंय. मी म्हणालो, डॉक्टर उद्या जीभ नेणार हाय, आज ती माझी हाय.

मुलगा आत होता. त्यानं अडवलं नाही. थोड्या वेळानं आवाज आला,

"माय, आण्णाला सांग, लालपासून सुरू करा. हलकी आधी, धुराची शेवटी. न्हाईतर पुढची कळत न्हाई."

तिनं सांगितलं. मी त्याचं ऐकलं. पहिल्यांदा ऐकलं असेल. प्रत्येक बाटलीचे दोन थेंब, उजव्या अंगाला, डोळे मिटून. आणि दर घोटाला मी मोठ्यानं सांगत गेलो, कारण उद्यापासून सांगता येईल न येईल. लाल वाईन उघडी राहून आंबली होती, चिंचेच्या पाण्यासारखी झाली होती, तरी मागचा घागरीचा वास गेला नव्हता. बडीशेपेची तशीच. जपानची मेली होती. अळीच्या बाटलीत मिरचीच्या बियांचा आणि भाजलेल्या कांद्याचा वास आला, आधी कधी आला नव्हता. काकवीची सगळ्यांत चांगली टिकली होती. घरची एकेक शब्द आत पोचवत होती, एकही बदलत नव्हती. मी कान देऊन ऐकत होतो. तिचा आवाज जड झाला तरी शब्द बदलले नाहीत.

शेवटी धुराची. कडब्याचा धूर आन दवाखान्याची फरशी, एवढं मी वासावरून सांगितलं. ती मी मुद्दाम डाव्या अंगाला घेतली.

"काय म्हणतेत?" मुलानं विचारलं. घोट घेतल्यावर मी काहीच बोललो नव्हतो.

"काय बी न्हाई म्हणत," ती म्हणाली. "बसलेत."

लातूरला अर्ध्याहून जास्त जीभ काढली. मनगटाचं कातडं सोलून आणून तिथं जोडलं. हाताला खड्डा पडला. काही दिवसांनी तोंडात काहीतरी टोचायला लागलं, तर त्या कातड्यावर केस उगवत होते. मनगटाचे केस, जिभेवर. घरचीनं बघितलं आणि बाहेर जाऊन बसली. नंतर दवाखान्यात किरणांचे शेक दिले, त्यात ते केस गळून गेले. शेकानं लाळ गेली. लाळ गेल्यावर चव कुठं बसणार? पाणी, दूध, पेज सगळं एकच, ओल्या कागदासारखं. नाक तेवढं शाबूत राहिलं. ते जास्तच तीक्ष्ण झालं. पातेल्याचं झाकण उचललं की मला ओसरीवर कळतं आत काय शिजलंय, आणि तोंडात घातलं की काही नाही. हे रोजचं झालंय, म्हणून त्याचं कौतुक किंवा रडणं दोन्ही आता करत नाही.

बोलणं गेलं. मी बोलतो, माझ्या कानाला ते बरोबर लागतं, पण समोरच्याच्या तोंडावर काही उमटत नाही. पारावर जायचं सोडलं. ज्याला मी तेव्हा उत्तर दिलं होतं तो एकदा बघायला आला. म्हणाला, "आण्णा, आता आमचं बोलणं ऐकूनच घ्यावं लागंल तुमाला." मी जे म्हणालो ते त्याला कळलं नाही. घरची म्हणाली, "चहा घेऊन जावा म्हणत्यात." मी चहाचं बोललो नव्हतो.

असंच चाललंय. ती सगळ्यांना माझं चांगलंच सांगते. नणंदेला, शेजारणीला, डॉक्टरला. दुखतंय म्हटलं तर "बरं हाय म्हणत्यात". आधी उंबऱ्यावर बसून ती दोघांच्या मधी होती, आता ती माझ्या आणि साऱ्या जगाच्या मधी आहे. तिला लबाड म्हणायला माझी जीभ असती तरी वळली नसती. ती कुणाचं मन मोडू शकत नाही, एवढंच. पण त्याच्यापायी जीभ गेली, हेही खरंच.

या दिवाळीनंतर दाढी करताना हनुवटीखाली डावीकडं बोटाला काहीतरी लागलं. हरभऱ्याच्या दाण्याएवढं. पुढच्या दाढीला चिंचोक्याएवढं. मी घरचीचा हात धरून तिथं लावला. तिनं हात तसाच ठेवला, बराच वेळ.

"पोराला सांग," मी म्हणालो. तिला कळलं.

"येळवस होऊ द्या. येतोय तो. आल्या आल्या कशाला."

येळवशीला तो आला. या वेळी बाटली लपवून आणली नाही, पिशवीतून सरळ कोपीत मांडली. तेच बेट. बापाला धुराचा वास तरी घेता येईल म्हणून आणली असावी. पांडवांना नैवेद्य झाला, पिकावर आंबील शिंपडून झाली. ज्वारी गुडघ्याच्या वर आली होती. घरचीनं मला आंबिलीचा पेला दिला. मी तो नाकाशी धरला आणि खाली ठेवला. आंबट लागत नाही, पण झोंबतं.

मुलगा माझ्यासमोर मांडी घालून बसला. त्यानं बूच काढलं, बाटली माझ्या नाकाखाली धरली. मग स्वतःसाठी पेल्यात थोडी ओतली आणि माझ्यासमोर प्याला. घरची म्हणाली, "अरे, आण्णा हायेत," आणि भज्जीच्या पातेल्याकडं वळली.

त्यानं तोंडात धरली, डोळे मिटले. मग सांगायला लागला. खाली मान घालून, पण मला सांगत होता.

"आधी कडब्याचा धूर. मग मीठ. मग तुमी म्हणलेलं ते, दवाखान्याच्या फरशीचं. आन शेवटाला गोड लागतंय, तुमी हे कधी सांगितलं न्हाई."

मी कधी सांगितलं नव्हतं, कारण डाव्या अंगाच्या आगीत मी शेवटापर्यंत कधी पोचलोच नव्हतो.

"आण्णा, तब्येत कशी हाय?"

मी म्हणालो, "गळ्यात गाठ हाय." सावकाश म्हणालो, एकेक शब्द सुटा करून. त्याच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. त्यानं आईकडं बघितलं.

ती भज्जीच्या पातेल्यात पळी फिरवत होती. म्हणाली, "बरं हाय म्हणत्यात. तू आलास, बरं वाटलं म्हणत्यात."

त्यानं मान हलवली. त्याला बरं वाटलं, ते मला दिसलं. एक क्षण मलाही वाटलं, असू दे. सण आहे, पोरगं हसतंय, ज्वारी चांगली आली आहे. तिलाही असंच वाटत असेल, प्रत्येक वेळी.

मी पुढं सरकलो आणि त्याचा हात धरला. तो दचकला. त्याचा हात मी तो चालायला शिकला तेव्हा धरला असेल, नंतर नाही. मी त्याची बोटं उचलून माझ्या हनुवटीखाली डावीकडं नेली आणि तिथं दाबून धरली. त्याच्या बोटांना त्या बाटलीचा वास येत होता. त्याची बोटं आधी सैल होती. मग थांबली. मग आपली आपण शोधायला लागली, गाठीच्या कडा चाचपायला लागली.

पळीचा आवाज थांबला.

"कधीपासून?" त्यानं विचारलं.

घरचीनं पळी खाली ठेवली. मग मीच बोललो, जेवढं सांगायचं होतं तेवढं, माझ्या पद्धतीनं. त्याला किती कळलं ते मला सांगता येणार नाही. पण मी बोलत होतो तोवर तो माझ्या तोंडाकडं बघत होता. आईकडं त्यानं बघितलं नाही.